कवळीताईंचं इंजिन

चढाच्या ऐन मध्यावर गाडी आधी खाकरली, मग तिच्या पोटात कुणीतरी लोखंड चावतंय असा आवाज आला आणि इंजिन जागच्या जागी गप्प झालं. कवळीताईंनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. मागे सरळ उतार, उताराच्या टोकाला चौक, चौकात रहदारी. शेजारी बसलेल्या मास्तरांनी काठी चाचपली.

"उतरू का मी?"

"हलू नका अहो! अजिबात हलू नका."

"मी हललो म्हणून गाडी मागे जाईल एवढं वजन राहिलं नाही गं माझं," मास्तर म्हणाले. पण ताईंच्या कपाळावरचा घाम बघून त्यांनी पुढचा विनोद गिळून टाकला.

कवळीताई हे नाव कामावरून पडलेलं. शहरातल्या दातांच्या डॉक्टरांसाठी त्या पंचवीस वर्षं कवळ्या बनवत होत्या. घराची पुढची खोली हाच त्यांचा कारखाना. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर मेणाच्या वड्या, प्लास्टरचे जबडे, छोटं ग्राइंडर आणि गुलाबी पावडरच्या बरण्या. कवळी केसाएवढी जरी उंच झाली तरी म्हाताऱ्या माणसाच्या हिरडीला फोड येतो, हे त्यांना पाठ होतं, त्यामुळे त्यांचा हात फार नेमका. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. शाळेत भूगोल शिकवायचे. आठ वर्षांपूर्वी त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली तीन ठिकाणी मोडला, तेव्हापासून काठी आली आणि शिकवणी घरी आली. घर चढाच्या टोकाला. गाडी नसली की मास्तर घरात अडकलेच.

गाडी ओढून नेणाऱ्या माणसाने ताईंना काही विचारलंच नाही. सवयीने त्याने ती चौकाजवळच्या पानाकाकांच्या गॅरेजसमोर नेऊन सोडली. ताई मागून रिक्षाने पोचल्या आणि रस्त्याच्या पलीकडेच उभ्या राहिल्या. त्या गॅरेजची पायरी त्यांनी आठ वर्षांत चढली नव्हती.

मागच्या खिशात कायम पाना खोचलेला, म्हणून पानाकाका. सत्तरीला टेकलेला, बुटका, कमी बोलणारा माणूस. त्यांनी बॉनेट उघडलं, पट्टी काढून ऑइल बघितलं, मोठा पाना लावून इंजिन फिरवायचा प्रयत्न केला. मग हात पुसत ते रस्ता ओलांडून आले.

"इंजिन संपलं, ताई. ऑइलचा पंप गेला असणार. आत सगळं जाम झालंय. उघडून दुरुस्त करण्यात अर्थ नाही. असंच एखादं जुनं, चांगलं इंजिन शोधतो आणि बदलून देतो. आठ दिवस द्या."

"इंजिन आणा हवं तर," ताई म्हणाल्या, "पण बसवणार मी."

पानाकाकांनी त्यांच्याकडे बघितलं. वाद घातला नाही.

"एकट्याने करायचं काम नाही हे. अडलं तर हाक मारा."

ताईंच्या या हट्टाचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही, कारण मास्तरांच्या अपघाताची हकीकत सगळ्यांना ठाऊक होती. आठ वर्षांपूर्वी पानाकाकांनी गाडीचे ब्रेक बदलले, चारही चाकं काढून परत बसवली. पाचव्या दिवशी वळणावर पुढचं चाक निखळलं आणि मास्तर गाडीसकट पुलाच्या कठड्यावर आदळले. गॅरेजवाल्याने नट आवळले नाहीत, असं सगळे म्हणाले. तेव्हापासून ताईंनी गाडीला परक्याचा हात लागू दिला नव्हता. ऑइल, प्लग, ब्रेक, बॅटरी, सगळं त्या पुस्तकं वाचून स्वतः शिकल्या. मास्तरांनी तर पानाकाकांशी बोलणं सोडलं होतं. रस्त्यात समोर आले तर मास्तर काठी टेकत दुसऱ्या बाजूला जायचे.

पण या हकीकतीत एक गोष्ट राहिली होती, आणि ती एकट्या ताईंना माहीत होती. गाडी न्यायला त्या दिवशी त्याच गेल्या होत्या. पानाकाकांनी पावतीच्या मागे लिहून दिलं होतं, वर तोंडीही सांगितलं होतं की शंभर किलोमीटर झाले की गाडी परत आणा, चाकं पुन्हा आवळून देतो. ताईंनी पावती पर्समध्ये टाकली. त्या आठवड्यात कवळ्यांचं काम डोक्यावरून चाललं होतं. पावती पुन्हा हाताला लागली ती इस्पितळाच्या बाकावर, डॉक्टरांच्या फीसाठी पर्स उपसताना. त्यांनी तिचे बारीक तुकडे केले. नंतर पानाकाका घरी येऊन म्हणाले, "मी ताईंना सांगितलं होतं," तेव्हा मास्तरांनी खाटेवरून बायकोकडे बघितलं आणि ताई म्हणाल्या, "मला कुणी काही सांगितलं नाही." एवढंच वाक्य. ते परत घेता येईना. पुढे मास्तरांच्या शाळेच्या व्हॅन दुरुस्तीला पानाकाकांकडे जायच्या बंद झाल्या, हेही त्यांच्या कानावर आलं होतं.

म्हणून गॅरेजची भीती हे सांगायचं कारण होतं. खरी धास्ती त्यांना स्वतःच्या विसरण्याची होती, आणि दर वेळी स्वतः पाना हातात घेऊन त्या जणू तपासून बघत होत्या, या वेळी तरी आठवतंय ना.

भाऊजी, म्हणजे मास्तरांचे धाकटे भाऊ, शहराच्या बसवर ड्रायव्हर होते. त्यांनी गाडी ओढून घरी आणली, पानाकाकांनी शोधलेलं इंजिन भंगारवाल्याकडून आणून घरालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये टायरवर ठेवलं आणि लांबून बघितलं.

"वहिनी, हे दीडशे किलो लोखंड आहे. दात नाहीत."

"माहीत आहे मला."

"नाही, सांगून ठेवलेलं बरं. उद्या तोंडात बसत नाही म्हणून घासत बसाल."

ताई हसल्या. पुढचे चार रविवार जुनं इंजिन सोडवण्यात गेले. प्रत्येक वायरीला त्यांनी चिठ्ठी बांधली. प्रत्येक नट कवळीच्या प्लास्टिकच्या डबीत ठेवून डबीवर नंबर घातला. एकदा चौदा नंबरच्या डबीत पाचाऐवजी चारच बोल्ट निघाले. अर्धा दिवस शेड झाडली. बोल्ट त्यांच्याच अ‍ॅप्रनच्या खिशात निघाला. कामावर असताना मध्येच त्यांचा हात थांबायचा आणि मनात यायचं, ती पेट्रोलची नळी मी बंद केली ना? मग त्या उठून शेडमध्ये जायच्या, बघायच्या, परत यायच्या. मास्तर खिडकीतून ही ये-जा बघत.

भाड्याने आणलेल्या, हाताने पंप मारायच्या छोट्या क्रेनने जुनं इंजिन बाहेर निघालं, त्या दिवशी भाऊजी सोबत होते. नवं बसवायच्या रविवारी मात्र त्यांची ड्युटी दुपारी बारापर्यंत होती, आणि क्रेन संध्याकाळी परत द्यायची होती. दहा वाजता ताईंना वाटलं, निदान जागेवर तर आणून ठेवू.

क्रेन सरकवली. साखळीला लटकलेलं इंजिन बॉनेटच्या पोकळीवर आलं. क्रेनच्या पंपाच्या बुडाशी असलेली झडप त्यांनी बोटांनी जरा सैल केली, इंजिन वीतभर उतरलं, त्यांनी झडप पुन्हा बोटांनीच बंद केली. पुन्हा सैल, पुन्हा वीतभर, पुन्हा बंद. गिअरबॉक्सच्या तोंडापाशी इंजिन आलं, पण डाव्या बाजूचं भोक जुळेना. हिरडीवर बोट फिरवून उंचवटा शोधावा, तसा त्यांनी इंजिनाचा पाय आणि गाडीची चौकट यांच्यामधल्या फटीत हात घातला आणि भोक चाचपलं.

झडप पुरती बंद झाली नव्हती.

इंजिन पडलं नाही. ते नुसतं खाली बसत गेलं, इतकं सावकाश, की ताईंना आधी वाटलं आपलाच हात पुढे गेलाय. मग मधल्या दोन बोटांवर दाब आला. त्यांनी हात ओढला. हात निघेना. दाब वाढला. दुसऱ्या हाताने त्या क्रेनच्या दांड्याकडे झुकल्या, तो हातभर लांब राहिला. पाय लांब केला, बूट क्रेनला लागला आणि वर टांगलेलं सगळं वजन एकदा झुललं. त्यांनी पाय मागे घेतला.

घरात रेडिओ चालू होता. "अहो!" पहिली हाक त्यांची त्यांनाच ऐकू आली नाही. दुसरी फाटक्या आवाजात निघाली. तिसरीला रेडिओ बंद झाला. मग काठीचा आवाज. स्वयंपाकघरातून दार, दारातून तीन पायऱ्या. या तीन पायऱ्या मास्तर एरवी कुणाचा तरी खांदा धरून उतरत. ताई एकेक ठोका मोजत राहिल्या.

"काय झालं?" मास्तर दारात होते.

"हात अडकलाय. क्रेन खाली येतेय. मला ओढू नका. क्रेनला टेकू नका."

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. पण आवाज वर्गातला निघाला. "सांग, काय करू?"

"तो लांब दांडा उपसून काढा. त्याच्या टोकाला खाच आहे. खाली पंपाच्या बुडाशी खुंटी आहे, तिच्यावर ती खाच बसवा आणि उजवीकडे फिरवा. नाही, थांबा! थांबा!"

"माझं उजवं की तुझं?"

आणि ताईंचं डोकं रिकामं झालं. उलटं फिरलं की झडप उघडणार होती, आणि इंजिन सगळंच्या सगळं हातावर बसणार होतं. आठ वर्षं स्क्रू आवळलेल्या बाईला आवळायची दिशा आठवेना.

"मला आठवत नाही," त्या रडवेल्या झाल्या. "अहो, मला आठवतच नाहीये."

"घाई नको. वरून बघायचं. घड्याळाच्या काट्याबरोबर, की उलटं?"

ताईंनी डोळे मिटले. मोकळा हात हवेत धरला आणि बरणीचं झाकण लावल्यासारखा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा.

"काट्याबरोबर."

"नक्की?"

"झाकण लावतो तसं. हो. काट्याबरोबर."

"म्हणजे उत्तर ध्रुवावरून बघितलं तर पृथ्वी फिरते त्याच्या उलट," मास्तर पुटपुटले. तोंडातून काहीतरी ओळखीचं निघावं म्हणूनच ते बोलले असावेत. त्यांनी काठी सोडली, गाडीच्या अंगावर कंबर टेकली, दांडा उपसला, वाकले. खाच खुंटीवर बसायला तीन वेळा चुकली. चौथ्यांदा बसली.

"फिरवतोय."

खुंटी किरकिरली. दाब तसाच होता, पण वाढायचा थांबला.

"आता दांडा परत वरच्या नळीत. वरखाली करा. सावकाश."

मास्तर पंप मारू लागले. मोडका पाय थरथरत होता, ते प्रत्येक वेळी दात आवळत होते. पाचव्या का सहाव्या खेपेला ताईंचा हात सुटला. त्या मागे सरकल्या आणि फरशीवर बसल्याच. मास्तरांनाही उभं राहता येईना. भाऊजी बाराला आले तेव्हा दोघं नवरा-बायको गाडीच्या चाकाला टेकून जमिनीवर बसलेली होती, मध्ये काठी पडलेली. भाऊजींनी इंजिन पुन्हा टायरवर उतरवलं आणि संध्याकाळी क्रेन परत दिली.

दोन बोटांची हाडं पिचली होती. डॉक्टरांनी सहा आठवड्यांची पट्टी बांधली आणि म्हणाले, नशीब थोर. ताईंना ते थोर वाटेना. झडप दांड्याने आवळायची असते, हे पुस्तकात लिहिलेलं होतं. त्यांनी ते वाचलं होतं, खाली रेघही मारली होती.

तिसऱ्या दिवशी त्या चढ उतरून पायी गॅरेजवर गेल्या. पायरीपाशी पाय अडला, तेव्हा पानाकाकाच बाहेर आले. त्यांनी पट्टी बघितली. खिशातला पाना नीट खोचला, म्हणाले, "चला."

त्यांना फाटकातून येताना बघून मास्तर उठले, आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

पानाकाकांनी आधी अर्धा तास नुसतं बघितलं. चिठ्ठ्या वाचल्या, डब्या उघडून बंद केल्या. गिअरबॉक्सच्या बाजूने टॉर्च मारून म्हणाले, "काम स्वच्छ आहे. फक्त ही क्लचची थाळी उलटी बसलीय."

"मग काय झालं असतं?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. गिअर पडला नसता आणि सगळं परत उतरवावं लागलं असतं. यात माणूस मरत नाही, ताई."

गॅरेजची क्रेन आली, आणि पुढचे तीन दिवस हात पानाकाकांचे आणि डोळे ताईंचे, असं काम चाललं. पानाकाका बोल्ट आवळायचे, ताई डाव्या हाताने त्यावर रंगाचा ठिपका द्यायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिनाचा शेवटचा पाय आवळून होत असताना ताई एकदम म्हणाल्या,

"तुम्ही मला सांगितलं होतं. चाकं आवळायला परत या म्हणून. पावतीवर लिहूनही दिलं होतं. मी विसरले. आणि नंतर खोटं बोलले."

पानाकाकांचा हात थांबला. आता हा माणूस पाना टाकून निघून जाईल, किंवा आतल्या दाराकडे जाऊन ओरडेल, दोन्हीसाठी ताईंची तयारी नव्हती.

"माहीत आहे मला," पानाकाका म्हणाले.

"मग तेव्हाच ओरडून का नाही सांगितलंत सगळ्यांना?"

पानाकाकांनी पाना खाली ठेवला. "त्या दिवशी मी शेवटचं चाक लावत होतो आणि फोन आला. फोन घेतला. परत येऊन ते आवळलं की नुसतं हाताने लावलेलं राहिलं, ते मला आजपर्यंत आठवलेलं नाही. नीट आवळलेलं चाक पाच दिवसांत निखळत नाही सहसा. पण निखळतंही कधी कधी. आता कोण सांगणार? तेव्हापासून प्रत्येक चाक मी एकदा आवळतो आणि गिऱ्हाइकाला एकदा आवळायला लावतो. लोक हसतात."

आठ वर्षं एकाच चाकाला दोघं घाबरत होते.

"मास्तरांना सांगितलंत?" पानाकाकांनी विचारलं.

"नाही."

"माझ्यासाठी म्हणून सांगू नका. माझं काय व्हायचं ते होऊन गेलं." आणि ते पुन्हा आवळायला लागले.

चौथ्या दिवशी सकाळी इंजिन चालू केलं. आवाज आला, थरथर झाली, पण ऑइलचा लाल दिवा विझेना. ताईंचा हात किल्लीवर. एक, दोन, तीन. "बंद करू?" "थांबा." चार, पाच. दिवा विझला. पानाकाकांनी इंजिनावर तळहात ठेवला, मान हलवली, हत्यारं गोळा केली आणि आतल्या बंद दाराकडे न बघता निघून गेले.

बोटांची पट्टी सुटल्यावर ताईंनी पहिल्यांदा गाडी रस्त्यावर काढली. मास्तर शेजारी बसले. "एकटी जाते आधी," असं ताईंनी तीनदा सांगून बघितलं.

"एकटीने केलेलं बघितलं मी," मास्तर म्हणाले. "पट्टा लाव."

उतार लागला. ताई दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून, कान इंजिनात घालून चालवत होत्या. एका खड्ड्यात काहीतरी खडखडलं, त्यांनी करकचून ब्रेक दाबला. मागचा स्कूटरवाला शिव्या घालत पुढे गेला. मास्तरांनी वाकून सीटखाली हात घातला आणि घरंगळलेली पाण्याची बाटली वर काढून दाखवली. चौक आला, गेला. पुढे ग्रंथालयाच्या भिंतीलगत सावली होती. तिथे ताईंनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, पण हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत.

आणि समोरच्या काचेकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. पावती, पर्स, इस्पितळाचं बाक, ते एक वाक्य. इंजिनाखाली हात असतानाही त्या एवढ्या घाबरल्या नव्हत्या.

ऐकून झाल्यावर मास्तरांनी दार उघडलं, काठी टेकली आणि खाली उतरले. भिंतीच्या कडेने चालत कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे त्यांची पाठमोरी आकृती उभी राहिली. ताईंना वाटलं, आता हे वळून येणारच नाहीत, रिक्षा करून घरी जातील, आणि घरी गेल्यावर काय, याच्या पुढे त्यांना काही सुचेना. दहा मिनिटं झाली असतील. मास्तर परत आले, आत बसले, दार ओढून घेतलं.

"पाय माझा मोडला," ते म्हणाले, "आणि घाबरून आठ वर्षं तू काढलीस. मला सांगायचं होतंस. राग आला असता. आत्ताही आलाय, आणि तो आज उद्या जाणार नाही, हे सांगून ठेवतो." मग जरा थांबून, "त्या माणसाला मी रस्त्यात बघून रस्ता बदलत होतो गं. पाय ओढत ओढत."

"मी जाऊन बोलते त्यांच्याशी तुमच्या वतीने."

"नको. गाडी वळव."

गॅरेजसमोर ताईंनी गाडी उभी केली. मास्तरांनी त्यांना आतच थांबायला सांगितलं. काठी टेकत ते एकटे रस्ता ओलांडून गेले, पायरीशी अडखळले, सावरले. पानाकाका एका गाडीखालून सरपटत बाहेर आले आणि उठून उभे राहिले. काचेमागून ताईंना काही ऐकू येत नव्हतं. मास्तरांचा एक हात हलत होता, शिकवताना हलायचा तसा. पानाकाका मान खाली घालून ऐकत होते. मध्येच त्यांनी मान जोरात हलवली, नाही म्हणाल्यासारखी.

मग पानाकाका आत गेले आणि एक लाकडी स्टूल घेऊन आले. खांद्यावरच्या फडक्याने ते पुसलं आणि मास्तरांपुढे ठेवलं. मास्तर बसले.